दोन डाव्या बाह्या

“शिवण म्हणजे असतं तरी काय गं मावशी? कापडाचे तुकडे एकमेकांना जोडायचे आणि डोकं-हात बाहेर काढायला तेवढ्या जागा मोकळ्या सोडायच्या! एवढंही जमणार नाही का मला?”

सोमवारी संध्याकाळी मास्तरीण फोनवर असं ठणकावून म्हणाली, तेव्हा तिने आयुष्यात शर्टाचं एक बटण लावलेलं होतं. ते दुसऱ्या दिवशी पडलं होतं.

मास्तरीण हे काही तिचं नाव नव्हे, आणि ती शाळेत शिकवतही नव्हती. एका प्रकाशकाकडे ती एकोणीस वर्षं प्रुफं तपासत होती. कानावर लाल पेन्सिल, नाकावर चष्मा. दुकानाची पाटी असो, औषधाची बाटली असो, ती आधी चुका शोधायची आणि वेळ उरला तर अर्थ. पाहुण्यांना बोलता बोलता दुरुस्त करायची. म्हणून घरात सगळे तिला मास्तरीण म्हणायचे.

मावशीने पलीकडून लांब श्वास घेतला. “अगं, पण ताईने तो फ्रॉक घातला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. काडी होती काडी! आणि तू…”

“मी काय?”

“तू वाचतेस खूप,” मावशी जपून म्हणाली. “बसून.”

आता हा फ्रॉक कुठला, ते सांगायला हवं. मास्तरणीच्या घरात, आतल्या खोलीकडे जाताना भिंतीवर आईचा एक जुना फोटो आहे. ठिपक्याठिपक्यांचा फ्रॉक, गळ्याला गोल कॉलर, मुठीएवढी कंबर आणि खाली घेर असा की पाऊस आला तर शेजारपाजारची चार माणसं त्याखाली उभी राहिली असती! बाह्या मनगटापर्यंत. उजव्या बाहीवर कोपराशी ओळीने तीन बटणं, डावीवर एकही दिसत नाही. “तेव्हाची फॅशन,” मावशी सांगायची. आणि तो उजवा हात! बाजूला जरासा उचलून एका उंच पाठीच्या खुर्चीवर असा काही ठेवलेला, की सगळं जग पाहुणं म्हणून आलंय आणि आई त्याला म्हणते आहे, या, बसा.

आईला जाऊन सात महिने झाले होते.

सात महिन्यांत घरात फार काही बदललं नव्हतं. दूधसुद्धा पूर्वीइतकंच येत होतं. दोघांना ते संपायचं नाही, नासायचं. पण दूधवाल्याला सांगायचं काय आणि सांगायचं कोणी? बदलले होते ते बाबा. हा माणूस पुडीचा कागदसुद्धा वाचून मग फेकणारा. आई मशीनवर बसली की हे शेजारी खुर्ची ओढून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. अग्रलेख, हवामान, हरवले-सापडले, सगळं! आता रोजचा पेपर घडी न मोडता दारामागे साठत होता, आणि बाबा खिडकीपाशी बसून समोरच्या गच्चीवरचे कपडे वाळताना बघत होते. जिना उतरून खाली म्हणून गेले नव्हते.

त्या सोमवारी कामावरून येताना मास्तरणीला त्या जुन्या फोटो स्टुडिओच्या दारावर पाटी दिसली. शनिवारी शेवटचा दिवस, जुन्या ग्राहकांनी आपापल्या निगेटिव्ह घेऊन जाव्यात. पाटीत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. तिने त्या नुसत्याच पाहिल्या आणि तरातरा घरी आली.

“बाबा, आईचा फोटो तिथलाच ना? शनिवारी जाऊ या. निगेटिव्ह घेऊन येऊ.”

“तू जा.”

“तुम्ही पण चला.”

“काय करायचंय उजेडात धरून? त्यात ती काळी दिसणार, केस पांढरे.”

आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं. माणूस पोहता येत नसताना उडी मारतो ना, तसं!

“मी आईचा तो फ्रॉक शिवते! तस्साच! तो घालून तिथेच, त्याच जागी फोटो काढते. मग याल?”

बाबांनी खिडकीतून मान वळवली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

“तू? शिवणार?”

“हो!”

“शिव,” बाबा म्हणाले. “शिवलास तर येईन.”

म्हणजे झालं असं, की बाबांनी जिना उतरायचा की नाही हे आता मास्तरणीच्या शिवणकलेवर ठरणार होतं! हातात दिवस पाच.

आईच्या शिवणाच्या ट्रंकेत अगदी तळाशी, उरल्यासुरल्या चिंध्यांखाली, एक कापड होतं. निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. चार-साडेचार मीटर, एकदाही कात्री न लागलेलं, घडीवर पिवळट रेघ पडलेलं. फोटोतलंच! आणि त्यावर लेसच्या तुकड्याने बांधलेली कागदांची गुंडाळी. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रातून कापलेले फ्रॉकचे भाग होते ते. पुढचा, मागचा, घेर, बाही, कॉलर. प्रत्येकावर आईच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं.

“हे कापड तिने…” बाबा बोलायला लागले आणि थांबले. सात महिन्यांत मास्तरीण एक गोष्ट शिकली होती. बाबा थांबले की पुढचं विचारायचं नाही.

मंगळवारी तिने रजा टाकली, जेवणाचं टेबल भिंतीला लावलं आणि जमिनीवर कापड पसरलं.

आणि वाचकहो, इथे ती जी हरवली ती हरवलीच. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. कापड एका झटक्यात उलगडलं, हवेत फुगलं आणि हळूहळू खाली बसलं. जणू खोलीत आकाश उतरलं आणि भरदुपारी चांदण्या पडल्या. ती त्याच्या काठावर गुडघे टेकून बसली. कापडाला ट्रंकेचा वास होता, आणि त्याखाली आणखी कसला तरी. पुष्कळ वेळ ती नुसती बसून राहिली. मग कागद मांडायला घेतले.

“पुढचा भाग, घडीवर.” कापडाची घडी घालून त्यावर कागद ठेवला. बरोबर! “मागचा भाग, घडीवर.” बरोबर! मावशीचं बोलणं मनात ठेवून चहूकडून दोन बोटं जास्त धरली. खरं तर तीन. मग बाही आली. त्यावर लिहिलं होतं, “बाही. दोन.”

दोन तर दोन! तिने बाहीचा कागद ठेवला, कापली. तोच उचलून शेजारी ठेवला, दुसरी कापली.

आता शिवणाऱ्या कोणालाही इथे ठसका लागेल. उजव्या बाहीसाठी कागद पालथा घालायचा असतो, हे कात्री धरणाऱ्या लहान पोरीलाही ठाऊक! पण मास्तरणीचं म्हणाल, तर प्रूफ एकाच बाजूला छापलेलं असतं. मागे कोरं. एकोणीस वर्षांत तिने एकही कागद उलटून बघितला नव्हता. शिवाय सुलट्या बाजूला एक धारावाहिक कादंबरी छापलेली होती. धुक्यात बुडालेलं एक बेट, तिथला एकटा डॉक्टर, त्याची बायको मुख्य भूमीवर गेलेली, आणि बोट काही येत नाहीये. आता इतकी चांगली गोष्ट पालथी घालायची? ती वाचता वाचता कापत गेली. कात्री कापडातून बोटीसारखी सरसर चालली होती, दोन्ही बाजूंना निळं पाणी दुभंगत होतं, आणि खिडकीबाहेर ऊन कलत कलत गेलं. अंगावरच्या धाग्यांनिशी ती उठली तेव्हा कापडातलं शिल्लक होतं ते हातरुमालाएवढं.

“झालंसुद्धा!” तिने मावशीला कळवलं. “आता नुसतं जोडायचं!”

बुधवारी आईच्या पायमशीनचं झाकण उघडलं. मशीनने ओळख दाखवली नाही. चाक पुढे फिरवलं तर सुई मागे जायची, मागे फिरवलं तर दोरा गिळायची. बॉबिनमधून एवढा गुंता निघाला की त्यात चिमणीला संसार मांडता आला असता! तासाभराने कुठे मशीनचं आणि तिचं जमलं. टकटक टकटक, पहिली सरळ शिवण पडली. सरळ म्हणजे, नदी नकाशावर दिसते तितपत सरळ.

एवढ्यात बाबा आले. त्यांच्या खुर्चीवर बाहीचा कागद पडला होता. बसायचं म्हणून त्यांनी तो उचलला. बसले. कागद हातातच राहिला.

मास्तरणीच्या पाठीमागे कोणीतरी घसा साफ केला.

“डॉक्टर खिडकीशी उभे होते,” बाबांचा आवाज आला. “समोर समुद्र असावा, पण धुक्यात तो नुसता ऐकू येत होता.”

मास्तरणीचे पाय मशीनवर चालत होते. तिने मागे वळून पाहिलं नाही. मनात एकच आलं. मशीन थांबलं, तर बाबा थांबतील.

म्हणून तिने मशीन थांबवलं नाही! जे हाताला लागेल ते शिवत गेली. खांदा संपला, बाही घेतली. बाही संपली, दुसरी घेतली. ती कशी बसतेय, कुठे ओढतेय, बघायला सवड कुणाला? कॉलरच्या दोन पदरांत काय आहे नि काय नाही, कोण बघतो! बाबा वाचत होते. मध्येच थांबून, “या वाक्याचा पुढचा भाग घेरात असणार, थांब,” म्हणत गुडघ्यांवर खाली उतरून कागद शोधत होते. पाठीच्या तुकड्यावर हवामान मिळालं, “उद्या आकाश निरभ्र राहील,” तेही त्यांनी मन लावून वाचलं. खोलीत मशीनचा आवाज आणि त्यावर तरंगणारा त्यांचा आवाज. डोळे जरा किलकिले केले, तर मशीनवर कोण बसलंय ते नक्की सांगता आलं नसतं.

“पहाटे दारावर तीन थापा पडल्या,” बाबा वाचत होते. “डॉक्टरांचा ऊर धडधडू लागला. त्यांनी कंदील उचलला, कडी काढली आणि दार उघडले. बाहेर…”

“बाहेर?” मास्तरणीने विचारलं.

“बाहेर मनगट. इथे बाही संपली.”

“मग पुढचा स्तंभ?”

बाबांनी सगळे तुकडे जमिनीवर जुळवून मांडले. मधे एक अर्धचंद्राच्या आकाराची जागा रिकामी राहिली. “कॉलर नाहीये,” ते म्हणाले. “कॉलर कुठे गेली?”

“असेल इथंच कुठंतरी,” म्हणत मास्तरीण उठायला गेली, आणि तिच्याबरोबर सगळा फ्रॉक उठला! तिच्या स्वतःच्या कुडत्याची बाही फ्रॉकच्या बाहीला पक्की शिवली गेली होती. दुहेरी टाक्यांनी!

“हे तुझ्या आईने कधी केलं नव्हतं,” बाबा म्हणाले, आणि टेबलाखाली वाकून कॉलर शोधायला लागले.

गुरुवारी फ्रॉक काखोटीला मारून, भिंतीवरचा फोटो पिशवीत घालून, मास्तरीण समोरच्या टेलरकाकांकडे गेली. कालपासून ती उसवत होती, पण कुठलं आपलं आणि कुठलं फ्रॉकचं ते कळेना. काकांनी तिला सोडवलं. मग तिने आडोशाला जाऊन फ्रॉक घातला आणि बाहेर आली. काकांनी चष्मा कपाळावर नेला. परत खाली आणला.

“ताई, दोन्ही बाह्या डाव्या आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्हाला दोन डावे हात असते, तर फार सुंदर बसला असता!”

उजवा हात खाली आणला की मुंढा काखेत करकचून आवळायचा. हात बाजूला, जरा वर धरला की सुटका. ती दुकानाच्या मधोमध तशी हात उचलून उभी राहिली, वाहतूक पोलिसासारखी.

“दुसरी बाही कापताना कागद पालथा नाही घातलात?”

“सुलट्या बाजूला गोष्ट छापलेली होती.”

“मग?”

मास्तरणीकडे पुरावा होता! तिने पिशवीतून फोटो काढला. “हे बघा. उजव्या बाहीची बटणं पुढेच आहेत. माझीही पुढेच आली आहेत. म्हणजे बरोबर आहे!”

काकांनी फोटो उजेडात नेला. “आणि डाव्या बाहीची बटणं?”

“दिसत नाहीत. तेव्हाची फॅशन.”

“कसली फॅशन! ती मागे आहेत, जिथे असायला हवीत तिथे. ताई, चाळीस वर्षं मी हेच करतोय. या बाईंच्याही दोन्ही बाह्या डाव्याच आहेत.”

“ती माझी आई आहे,” मास्तरीण म्हणाली. मग जरा वेळाने, “माझ्या आईच्या शिवणीत चूक नसायची.”

काकांनी फोटो हलक्या हाताने पुसून परत दिला. “नसेल,” ते म्हणाले. “फोटोत नीट कळत नाही. कापड उरलंय का?”

तिने हातरुमाल दाखवला.

काकांनी कंबर नीट केली, लोंबते दोरे कापले, घेराची कड दुमडून दिली. दोन बोटं जास्त धरली होती ती कुठे सैल, कुठे घट्ट निघाली, ती सगळी वाटणी त्यांनी सारखी केली. कॉलर चाचपून मात्र म्हणाले, “ही बरी ताठ झालीय. आत काय घातलंत?”

“काही नाही! अशीच झाली!” मास्तरणीची मान अभिमानाने वळली. गळ्याशी कुर्रर्र असा बारीक आवाज झाला. नवं कापड असं वाजत असेल, तिला वाटलं.

“बाही आहे तशी राहू द्या,” काका म्हणाले. “हात जरा उचलून धरा. फोटोच काढायचाय ना? लढाईला नाही ना जायचं?”

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी बाहीचा कागद पहिल्यांदा पालथा केला. त्यांना अजून कॉलरचा पत्ता लागला नव्हता, म्हणून ते मागची केसांच्या तेलाची जाहिरात वाचण्यापर्यंत आले होते. जाहिरातीतल्या बाईच्या केसांवर शिसपेन्सिलीने लिहिलेलं होतं, “दुसरी बाही कापताना कागद पालथा घालणे. वाचत बसू नये!”

शेवटचं उद्गारचिन्ह इतकं दाबून काढलेलं, की कागदाला भोक पडलं होतं.

“शिवणक्लासच्या बाईंनी सांगितलं असेल,” मास्तरीण घाईने म्हणाली. “तिने लिहून घेतलं असेल.”

“असेल,” बाबा म्हणाले. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

शनिवारी बाबांनी दाढी केली, बूट पुसले आणि जिना उतरले. एकेक पायरी, कठड्याला धरून. शेवटच्या पायरीवर थोडे थांबले. मास्तरीण मागून येत होती, एक हात पंखासारखा उचललेला. बाबांनी पाय खाली ठेवला.

रस्त्यावर ऊन होतं. घेर पायांभोवती भरतीच्या पाण्यासारखा हेलकावत होता. प्रत्येक पावलाबरोबर तो आधी पुढे जायचा, मग मागे यायचा, आणि मास्तरणीला वाटत होतं की आपण चालत नाही, कुणीतरी आपल्याला हळूच वाहून नेतंय. ती चाळीस ओलांडलेली, चष्मा लावणारी बाई राहिली नव्हती. ती कोण होती ते तिला नीट…

कर्रर्र! शेजारी बस येऊन थांबली. थांबा नसताना!

“चला बाई, चढा!” ड्रायव्हर ओरडला.

“मला नाही यायचं.”

“मग हात कशाला केलात?”

“तो केलेला नाही. तो शिवलेला आहे!”

बस निघून गेली. पुढच्या कोपऱ्यावर एक टॅक्सी थांबली. त्यापुढे एका अनोळखी गृहस्थांनी मोठ्या आनंदाने तिचा हात हातात घेऊन हलवला आणि “घरी सगळे बरे ना?” विचारून निघून गेले. मागून घोगरा, गंज लागल्यासारखा आवाज आला. बाबांना ठसका लागला की काय म्हणून ती घाबरून वळली. बाबा हसत होते.

स्टुडिओ निम्मा रिकामा झालेला होता. भिंतींवर चौकटींचे फिकट चौकोन उरले होते. वरच्या काचेतून धूसर उजेड उतरत होता, आणि त्यात धुळीचे कण इतके सावकाश फिरत होते, की या खोलीत घड्याळालाही घाई नसावी. फोटोवाले काका, ऐंशीच्या घरातले, खोक्यांमधून पाकिटं काढत होते. त्यांनी मान वर केली आणि हातातलं पाकीट तसंच राहिलं.

“अरे!” ते म्हणाले. “अगदी तशीच! तोच फ्रॉक! आणि…” ते जवळ आले, चष्मा सावरत, “हातसुद्धा तसाच! तुमचीही बाही चुकली?”

मास्तरणीने स्वतःच्या उचललेल्या हाताकडे बघितलं.

“‘तुमचीही’ म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“अहो, त्या मुलीचा फोटो मी कसा विसरेन? माझं नवं नवं दुकान. ती आली, ती ही अशी, हात वर करून. मी म्हटलं, ताई, हात खाली घ्या. म्हणाली, येत नाही. म्हटलं, का? तर रडायला लागली! दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्यात, म्हणाली. कापताना गोष्ट वाचत बसले होते. मग मी आपली ती उंच खुर्ची आणून हाताखाली सरकवली. म्हटलं, ठेवा त्यावर आणि हसा. कोणाला कळणार नाही.”

चव्वेचाळीस वर्षं कोणाला कळलं नव्हतं.

बाबा स्टुलावर बसले. त्यांनी खिशातला कागद काढला, त्या दाबून काढलेल्या उद्गारचिन्हावरून अंगठा फिरवला.

“आमच्या लग्नाला वर्ष झालं असेल,” ते म्हणाले, “तेव्हा तिने हे कापड आणलं. मी म्हटलं, असला फ्रॉक आहे की तुझ्याकडे! तर म्हणाली, तो वेगळा. हा एकदा नीट शिवायचाय.” त्यांनी मास्तरणीच्या उजव्या बाहीकडे पाहिलं. “राहूनच गेलं तिचं.”

“आणि मी ते…” मास्तरणीने उजवी बाही मुठीत धरली. “तेच कापड, बाबा! तीच चूक!”

“हो ना,” बाबा म्हणाले. “हुबेहूब. तुला कोणी शिकवलंही नव्हतं.”

मग फोटो काढायचं ठरलं. पण खुर्ची? ती गुरुवारीच विकली गेली होती! हात ठेवायला स्टूल बुटकं, खोकी डगमगती. शेवटी काकांनी बाबांचा खांदा धरला आणि त्यांनाच खुर्चीच्या जागी उभं केलं. मास्तरणीने हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. उंची अगदी बेताची निघाली. बाही पहिल्यांदाच कुठे ओढली नाही.

“मान जरा डावीकडे,” काका कॅमेऱ्यामागून म्हणाले.

कुर्रर्र.

“तुझ्या गळ्यात काय वाजतंय?” बाबांनी विचारलं.

“नवं कापड आहे.”

“चाळीस-बेचाळीस वर्षांचं?” बाबांनी कॉलर दोन बोटांत धरून दाबली. मग त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. “काका! कात्री आहे का?”

“बाबा! फोटो…”

“तू हलू नकोस!”

आणि सात महिने पेपरची घडीही न मोडलेल्या त्या माणसाने स्वतःच्या लेकीची कॉलर भर स्टुडिओत उसवली, आत बोटं घातली आणि अर्धचंद्राच्या आकाराचा, टाके पडून चाळणी झालेला एक कागद बाहेर ओढला. चष्मा लावला. कागद उजेडात धरला.

“बाहेर,” त्यांनी वाचलं, “दूधवाला उभा होता.”

“दूधवाला?” काका कॅमेरा सोडून पुढे आले. त्यांना गोष्ट ठाऊक नव्हती, तरी त्यांचीही निराशा झाली.

“‘बाईसाहेब अजून नाही आल्या?’ त्याने विचारले. डॉक्टर काही बोलले नाहीत. ‘नाही म्हटलं,’ दूधवाला चाचरत म्हणाला, ‘दूध किती घालू?’”

पुढे शिवणीची भोकं होती.

बाबांनी कागद खाली केला नाही. आधी त्यांचे खांदे हलले. मास्तरणीचा हात त्यांच्या खांद्यावरच होता, त्यामुळे तिला ते डोळ्यांआधी हाताला कळलं. मग तोच गंजलेला आवाज आला, आणि या वेळी तो सरळ मोठ्या हसण्यात गेला. डोळे पुसत, चष्मा काढत, परत लावत ते म्हणाले, “आपण पण सांगायला हवं गं त्याला. उद्यापासून अर्धा लिटर कमी.”

“सांगू,” मास्तरीण म्हणाली.

काकांनी तेवढ्यात कॅमेऱ्यामागे जाऊन बटण दाबलं.

फोटो आला तो असा. फ्रॉक सुरेख. घेर भरपूर. कॉलर एका बाजूने लोंबलेली. बाबा हातातल्या कागदाकडे बघून हसताहेत. मास्तरीण कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. मावशीला तो फोनवर पाठवला, आणि मिनिटभरात मावशीचा फोन आला.

“अगं, काय सुंदर! आणि तो हात गं! काय ऐटीत ठेवलायस, अगदी ताईसारखा! हे शिकवून येत नाही, रक्तात असावं लागतं!”

मास्तरीण चुका दुरुस्त करण्यात कधी आळस करत नाही, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. ती म्हणाली, “हो ना.”

सोमवारी ती कामावर गेली. पहिलं प्रूफ संपवलं, बाजूला ठेवलं, मग परत उचलून पालथं केलं. मागे कोरं होतं. दुसरंही कोरं. तिसरंही.

“काय शोधताय एवढं?” शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली.

“काही नाही,” मास्तरीण म्हणाली, आणि चौथं उलटलं.